आमचा कुस्तीचा आखाडा

मी एकदा माझ्या विहीणबाईंना फोनवर सांगितलं, की आमचा कुस्तीचा आखाडा आहे.

आमच्या घरात आजवर कुणी कुस्ती खेळलेलं नाही. माझे मालक परभणीला कचेरीत कारकून होते. त्यांनी उचललेलं सगळ्यात मोठं वजन म्हणजे फायलींचा गठ्ठा, तोही शिपाई रजेवर असला तरच. थोरले दीर, ज्यांना मी भाया म्हणते, ते ताडकळसकडं शेती करतात. ते इतके सडपातळ, की वावटळ उठली की माझी जाऊ आधी त्यांना हाक मारते आणि मग वाळत घातलेले कपडे काढते. बरं, हे बोलले तेव्हा मी काही नवी नवरी नव्हते. बावन्न वर्षांची होते. एकुलत्या एका लेकीचं लग्न करून मोकळी झाले होते. गल्लीतल्या बायका माझा सल्ला घ्यायला यायच्या, आणि मी तो द्यायचे. यावरून गल्लीची अवस्था लक्षात यावी.

आधी आखाडा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर लांबची माणसं विहीणबाईंसारखीच फसतील. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. विहिरीच्या कडेला चार पत्रे, बैलांची दावण, कडब्याची गंजी, एक खोली, एक चूल आणि झाडाखाली एक बाज. गावात घर असलं तरी सुगीच्या दिवसांत माणसं आखाड्यावरच मुक्कामाला असतात. भाया आणि थोरली जाऊ तर बाराही महिने तिथंच. कुस्ती होते ती माश्यांची आणि बैलांच्या शेपटांची, आणि त्यात दरवेळी माश्याच जिंकतात.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी पुण्यातली नात. परवा तिनं मोबाइलवर फोटो पाठवले आणि विचारलं, "आजी, यंदा वसंतात आपण सगळे इथं जाऊ या का?" फोटोत शेणानं सारवलेलं अंगण होतं, पत्र्याचं छप्पर होतं, झाडाखाली बाज होती, बैल होते आणि चुलीपुढं भाकरी थापणारी एक बाई होती. खाली लिहिलं होतं, अस्सल ग्रामीण अनुभव. मी हसायला लागले ती चष्मा नाकावरून घसरेपर्यंत. बाई गं, हेच लपवायला तुझी आजी एकदा केवढं खोटं बोलली होती.

लेकीच्या लग्नानंतरचं ते पहिलंच वर्ष. फाल्गुन लागला होता. एक दिवस विहीणबाईंचा फोन आला. बाई मोठ्या गोड, शब्द मोजूनमापून बोलणाऱ्या.

"यंदा आम्हाला वसंतात कुठंतरी गावाकडं जायचंय हो. तीच तीच थंड हवेची ठिकाणं नकोत. झाडं हवीत, फुलं हवीत, शांतता हवी. तुमच्याकडं असेलच की काहीतरी निसर्गरम्य."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. टाकीच्या सावलीत एक कुत्रं पडलं होतं. मार्चात परभणीला निसर्ग भरपूर असतो, पण त्यातला रम्य कुठून आणायचा, हा प्रश्न होता. मी म्हटलं, "हो तर, आहे की. ठरवून सांगते."

मग मी ठिकाण ठरवायला बसले. ठरवायचं साधन म्हणजे मोंढ्यातल्या एका अडत्यानं दिलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. त्याच्या मार्चच्या पानावर एक हिरवागार डोंगर आणि त्यावरून कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा होता. मी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली, तर ठिकाण आपल्याच राज्यातलं निघालं. मालकांना म्हटलं, "इथं नेऊ या पाहुण्यांना."

मालकांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "मार्चात?"

"मार्चच्याच पानावर आहे."

"मग त्या धबधब्याला पाणी कॅलेंडरवाल्यानं घातलं असेल."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण विहीणबाईंना धबधब्याचंही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"अहो, तुम्ही उगाच शोधत बसलात. सूनबाई फोनवर म्हणाली, आपल्या आखाड्यावर जा. लहानपणी ती तिथं राहिलीय म्हणे. फार सुंदर आहे म्हणे."

लेक राहिली होती हे खरं होतं. ती पाच वर्षांची असताना मला विषमज्वर झाला. घरात करणारं कुणी नाही. जाऊ बसनं आली, पोरीला काखेत घेतलं आणि आखाड्यावर घेऊन गेली. दोन महिने पोर तिच्याजवळ होती. परत आणली तेव्हा गुटगुटीत झाली होती, उन्हानं रापली होती, आणि वासराला हाका मारत झोपेतून उठायची. आणि मी काय केलं? जावेला पाणी विचारायच्या आधी पोरीला न्हाणीघरात नेलं. तीनदा डोकं धुतलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मेला शेणाचा वास काही जात नाही." बाहेर आले तर जाऊ दारातच उभी होती. चहासुद्धा न घेता दुपारच्या बसनं गेली. त्यानंतर दरवर्षी चैत्राच्या तोंडाला तिचा निरोप यायचा, "लिंब फुलायलाय, पोरीला घेऊन ये." आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. गेले तरी तासाभरासाठी, नाकाला पदर लावून. घरात कधी विषय निघाला तरी मी "भायांचा आखाडा" म्हणायचे. तो आपल्या सामायिक जमिनीतच आहे, हे मालकांनी कितीदा सांगितलं, तरी माझ्या तोंडात तेच.

तर फोनवर विहीणबाई विचारत होत्या, "पण मला सांगा, आखाडा म्हणजे? कुस्तीचा?"

माझ्या डोळ्यांसमोर त्यांची इस्त्रीची साडी आली आणि त्या साडीवर बैलाचं शेपूट आलं. मी म्हटलं, "हो हो. आमचा कुस्तीचा आखाडा आहे. बायकांना तिथं जाता येत नाही हो, नाहीतर नेलंच असतं."

किती हुशार बाई मी. गोठाही लपला आणि घराण्याला पैलवानही मिळाले. फोन ठेवणारच होते, तेवढ्यात पलीकडून व्याह्यांचा आवाज आला. हे गृहस्थ लग्नात सगळे मिळून चार वाक्यं बोलले असतील.

"कुस्तीचा आखाडा? काय सांगता. अहो, मी तरुणपणी सात वर्षं तालमीत होतो. गुडघा गेला म्हणून सोडली. कितीतरी वर्षांत आखाड्याची माती कपाळाला लावली नाही मी. ठरलं मग, दुसरीकडं कुठंही जायचं नाही. ही बाहेर झाडाखाली बसेल, मी आत जाईन."

अशा रीतीनं आमच्या वसंतातल्या सहलीचं ठिकाण ठरलं.

मालकांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, घडी घातली, आणि शांतपणे म्हणाले, "मी लंगोट घालणार नाही. आत्ताच सांगतो."

हसू मलाही आलं, पण रात्री जेवण गेलं नाही. व्याह्यांसमोर फजिती झाली असती तर झाली असती. थोडं हसून, थोडं लाजून निभावून नेली असती. भीती जावेची होती. हे खोटं उघडं पडलं, की मी ते का बोलले हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या पोरीला दोन महिने जिनं छातीशी धरून निजवलं, तिच्या घराची मला लाज वाटते, हे तिला तिच्याच अंगणात, पाहुण्यांच्या देखत कळणार होतं. केस धुतले त्या दिवसाचं एकवेळ ती विसरली असेल. हे विसरली नसती.

म्हणून ठरवलं, की एक दिवस आधी जाऊन तिला सगळं खरं सांगायचं. मालक पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या दिवशी येणार होते. मी ताडकळसच्या बसमध्ये बसले आणि वाटभर मनात वाक्यं जुळवली. "अक्का, माझं चुकलं." नाही, फार नाटकी. "अक्का, एक गंमत झाली." हे बरं.

आखाड्यावर पोचले तर जाऊ शिडीवर. पत्र्याखालच्या भिंतीला चुना लावायलेली. अंगण ताजं सारवलेलं, दावण झाडलेली, बैल धुतलेले. ज्वारीची सुगी चाललेली, कणसांचा ढीग पडलेला, आणि ही बाई काम टाकून चुना लावायलेली.

"आलीस व्हय," ती वरूनच म्हणाली. "तीस वर्सांत पयल्यांदा पाव्हणे घेऊन यायलीस. मला दोन दिवस झोप न्हाई बग. इवायाला काय आवडतंय? पिठलं चालंल का वरणफळं करू?"

इवाई म्हणजे व्याही. माझं "एक गंमत झाली" मी पुढं ढकललं. मी म्हटलं, "पिठलं चालेल." थोड्या वेळानं धीर करून म्हटलं, "अक्का, बैल उद्याच्या दिवस जरा पलीकडच्या बांधावर बांधता येतील का?"

"का गं? इवाई बैलांना चावतेत का?"

"तसं नाही. वास येतो ना."

ती शिडीवरून उतरली. चुन्याचे हात पुसत माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "बैल धुतलेत मी." एवढंच. मी गुमान तिच्याबरोबर कणसं खुडायला बसले आणि पाचव्या मिनिटाला विळ्यानं बोट कापून घेतलं. तिनं हळद लावली आणि मला उठवून बाजेवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जीप आली. विहीणबाई उतरल्या, खरोखरच इस्त्रीच्या साडीत. व्याही उतरले. हातात कापडी पिशवी, ती त्यांनी देवाच्या नैवेद्यासारखी दोन्ही हातांनी धरलेली. अंगणाच्या कडेला त्यांनी बूट काढले, मोजे काढले, अनवाणी पुढं आले आणि हात जोडून उभे राहिले. मालक माझ्याकडं बघेनात. मी झाडाकडं बघायला लागले.

"आखाडा कुठंय?" व्याह्यांनी विचारलं.

"हाच की," जाऊ म्हणाली.

"माती? कुस्तीचा हौदा कुठंय? पैलवान किती आहेत सध्या?" त्यांनी पिशवी पुढं केली. "त्यांच्या खुराकाला बदाम आणलेत थोडे."

जावेनं आधी त्या पिशवीकडं पाहिलं. मग त्यांच्या अनवाणी पायांकडं. मग माझ्याकडं. एकदाच. विळ्यानं कापलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. तिला सगळं कळलं होतं, कालच्या बैलांच्या गोष्टीसकट. मला वाटलं, आता ही आत निघून जाईल, त्या दिवशीसारखी, चहासुद्धा न घेता. पण हे तर तिचंच घर, जाणार कुठं.

तिनं पदर डोक्यावर नीट घेतला.

"माती पायाखालीच हाय, इवाई," ती म्हणाली. "पैलवान दोन हायेत. आत बांधलेत. चला दाखवते."

व्याही तिच्यामागं पत्र्याखाली गेले. आम्ही मागोमाग. दावणीला दोन बैल उभे, धुऊन पुसून, शिंगांना हिंगूळ लावलेला. धुळवडीला लावला होता, अजून तसाच होता. व्याही कितीतरी वेळ उभे राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ आधी ताठ होती, मग हलायला लागली. मला वाटलं, माणूस रडतोय की काय. वळले तेव्हा हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

"तब्येत मात्र कमावलीय यांनी," ते म्हणाले. "वस्ताद कोण यांचे?"

तेवढ्यात भाया डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आले. पेंढीखाली भाया आहेत हे फक्त पायांवरून कळत होतं.

"ते काय, वस्ताद यायलेत," जाऊ म्हणाली.

विहीणबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या माझ्याकडं वळल्या आणि त्यांच्या मोजक्या शब्दांत म्हणाल्या, "पण तुम्ही तर फोनवर कुस्तीचा म्हणालात." मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते देवाला ठाऊक.

"तिला फोनवर नीट ऐकू यायत न्हाई, इनबाई," जाऊ मध्येच म्हणाली. "पयल्यापासूनच. विषमज्वर झालता न्हाई का, तवा कान गेला. तुमी विचारलं असंल एक, तिनं सांगितलं असंल एक. आपण जरा मोठ्यानं बोलावं, बास."

विहीणबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. तेव्हापासून आजपर्यंत त्या माझ्याशी फोनवर ओरडून बोलतात. बारा-तेरा वर्षं झाली. माझे कान अजून खणखणीत आहेत, पण मी मुकाट्यानं फोन हातभर लांब धरते. एवढी शिक्षा भोगायलाच हवी.

त्या दिवशी मग पाहुणे संध्याकाळपर्यंत राहिले. व्याह्यांनी खाली वाकून अंगणातली चिमूटभर माती कपाळाला लावलीच. म्हणाले, "आलोय तर लावतो." बदाम बैलांच्या तोंडाशी धरले. एकानं हुंगून तोंड फिरवलं, दुसऱ्यानं खाल्ले आणि मग दिवसभर व्याह्यांच्या पिशवीकडं मान लांबवत राहिला. घरात धुळवडीच्या साखरेच्या गाठ्या उरल्या होत्या. त्यातली एक जावेनं त्यांच्या गळ्यात घातली. म्हणाली, "जिंकलात, इवाई." तो माणूस जेवतानासुद्धा गाठी गळ्यात घालून बसला.

पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा आणि नुकत्या धरलेल्या कैऱ्यांचा ठेचा. विहीणबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या आणि कडुलिंबाखालच्या बाजेवर आडव्या झाल्या. इस्त्रीच्या साडीचं काय झालं ते त्यांनीही पाहिलं नाही. लिंबाला नवी तांबूस पालवी होती, मधमाश्यांचा एकसारखा आवाज होता, आणि कुठंतरी होला पक्षी घुमत होता. ऊन कलल्यावर जाऊ त्यांना ओढ्याकडं घेऊन गेली. मीही गेले, माझ्याच शेताची पाहुणी होऊन. ओढ्याच्या दोन्ही अंगांना पळस. पान एक नाही, नुसती फुलं. पाण्याचा पत्ता नाही, खाली कोरडे दगड, आणि त्या दगडांवर ही केशरी चादर. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि हा ओढा फाल्गुनात मी पहिल्यांदा बघत होते. दरवर्षीचा तो निरोप मला तिथं एकदम ऐकू आला. कान गेलेल्या बाईला, बघा.

विहीणबाईंनी ओटी पसरून फुलं गोळा केली. दोघी दगडावर बसून बराच वेळ बोलत होत्या. मी लांब उभी राहून बोटाची पट्टी सारखी करत होते. काय बोलल्या कळलं नाही, पण एकदा दोघींनीही वळून माझ्याकडं पाहिलं.

जीपमध्ये बसताना विहीणबाई माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "फार निसर्गरम्य आहे हो तुमचं." बैल दचकले.

मालक पाहुण्यांना घेऊन परभणीला गेले. मी मागं राहिले. राहायचं काही ठरलं नव्हतं, पण जीप सुटली तेव्हा मी बसले नव्हते, एवढंच. जाऊ विहिरीजवळ राखेनं भांडी घासायला बसली. मी शेजारी बसले आणि धुवायला घेतली. कापलेलं बोट चुरचुरत होतं. तीन ताटं धुऊन झाल्यावर मी म्हटलं, "अक्का, मी फोनवर जे म्हणाले ना..." तिनं तवा पालथा घातला आणि त्याच्या बुडाची काजळी घासायला लागली. घासतच बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते मला पाठ आहेत:

"कुस्तीचा म्हनलीस त्याचा मला राग न्हाई. तीस वर्सं भायांचा आखाडा, भायांचा आखाडा करायलीस. इनबाईला मातर आमचा म्हनलीस. तिनंच सांगितलं मला ओढ्यावर. खोटं बोलताना का व्हईना, आमचा म्हनलीस. आता पाडव्याला ये दोन दिवस. अन् घरी गेल्या गेल्या डोकं धुऊ नको."